चाक बसतं कशावर

मोशीच्या वजनकाट्यामागे आमचं शेड.
रात्री पावणेदोनला लिंबाजी आला,
चाकणहून भरून निघालेला,
ट्रेलरवर ताडपत्रीत बांधलेलं कसल्याशा मशिनचं धूड.
म्हणाला, डावीकडचं मागचं चाक बोलतंय.

बोलतंय म्हणजे काय, हे सासऱ्यांनी विचारलं नाही.
खाटेवर उठून बसले,
कानटोपी एका बाजूनं वर सारली.
दहा पावलं पुढे घे. थांब. आता मागे.
मग माझ्याकडे बघून: जॅक लाव.

आमचं आडनाव सुतार.
मोनप्पांनी मात्र जन्मात लाकडाला रंधा लावला नाही.
तुंबा, आरे, धाव हे शब्द
त्यांच्या वडिलांबरोबर जतला राहिले.
इकडे आल्यावर लोखंड.
गेल्या दिवाळीपासून उजवा हात थरथरतो,
म्हणून पाना मी धरते.

दहा नट काढले.
दोघांच्या खालून गंजाचे लाल ओघळ,
भोकांच्या कडा चिंचोक्यासारख्या लांबट,
एका स्टडच्या आट्या
एकाच अंगानं झिजलेल्या.
चाक उतरवलं.

हबच्या मधोमध एक गोल उंचवटा असतो.
सासऱ्यांनी त्यावर तळवा ठेवला.
थरथर थांबली असं मी सांगणार नाही.
तापलाय, म्हणाले, एवढंच.

मी तारेच्या ब्रशनं गंज काढला,
चाकाच्या पाठीवर दोनदा फासलेला चंदेरी रंग खरवडला,
आणि नटांशिवाय चाक परत टांगलं.
त्यांनी माझ्या पर्समधून बसचं तिकीट काढलं,
निगडी ते मोशी, कालच्या तारखेचं.
एक घडी. दुसरी. तिसरी.
वरच्या फटीत सरळ आत जात होतं.
चौथ्या घडीला अडकलं.

बघ, म्हणाले. दुसऱ्याचं चाक आहे.

मधलं भोक उंचवट्यावर कसं बसावं,
तर स्टीलच्या डब्याचं झाकण बसतं तसं,
जरा अडत, जरा हवा सोडत.
भार त्या उंचवट्यानं घ्यायचा,
नटांनी फक्त आवळून धरायचं.
निमुळत्या नटांची चाकं निराळी.
तिथे नटच भोकात उतरता उतरता मध्य शोधतात,
मधलं भोक सैल असलं तरी चालतं.
ते वेगळं घराणं.
या हबवर ते चाक, सपाट नट लावून,
म्हणजे चाळीस टनांचं ओझं
दहा बोटांच्या नखांवर.

लिंबाजी म्हणाला, वाघोलीला टाकलं होतं,
बरोबर बसलं होतं की.

बसतंच.
सगळे नट लागतात, पावती फाटते,
गाडी सोडली की लगेच काही पडत नाही.

वहिनी, बॅटरी हातात धरून तो म्हणाला,
संसारही असाच की हो.
मी म्हटलं, बॅटरी जरा वर धर.

शेडमागच्या ढिगात
तिसरं चाक लागू पडलं.
हबवर सरकताना मध्येच अडलं,
मग बुडाशी तळवा मारला तसं गेलं.
सासरे परत खाटेवर, डोळे मिटून.
मी एक नट आवळला, मग समोरचा,
शेजारचा घेतला तर
चाक एका कुशीवर कलतं.
पान्याची टक् ऐकून ते मोजत होते.
सातव्याला म्हणाले, तो परत घे.
परत घेतला. अर्धा फेरा आला.

पन्नास किलोमीटरला थांबून पुन्हा आवळ,
हे सांगितल्यावर सगळे ड्रायव्हर हसतात.
लिंबाजीही हसला.
पैसे मोजले, शंभर कमी दिले, गेला.

पावणेपाचला फोन.
उरुळी कांचन, मागे कुठल्यातरी ढाब्याची भांडी वाजतायत.
दोन नटांनी पाव-पाव फेरा घेतला, वहिनी.
मी खाटेकडे बघितलं.
मोनप्पा झोपले होते, तोंड उघडं,
मुठीत चार घड्यांचं तिकीट.